मेंदूची प्रतिमा : काय सांगते, काय सांगत नाही
बोधनिक मज्जाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाची ओळख

उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांतील काही प्रौढांसाठी एक आगळा साक्षरता वर्ग चालविण्यात आला होता. शिकणाऱ्यांत मुख्यतः तिशीच्या आसपासच्या स्त्रिया होत्या. हिंदी ही त्यांची रोजच्या बोलण्याची भाषा. परंतु परिस्थितीमुळे शिक्षण न मिळाल्याने देवनागरी लिपी त्यांना वाचता येत नव्हती. सहा महिने त्यांना अक्षरओळख आणि वाचन शिकविण्यात आले. येथवर सांगितलेले आपल्याकडील कोणत्याही प्रौढ साक्षरता वर्गाला लागू पडेल. आगळेपणा पुढेच आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी आणि तो संपल्यानंतर या शिकणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या, आणि ज्यांना या काळात वाचन शिकविले नव्हते अशा तुलना-गटाच्या प्रतिमांशी त्या ताडून पाहण्यात आल्या. भारत, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील संशोधकांनी मिळून केलेला हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ३० प्रौढांचा समावेश होता. त्यांपैकी २१ जण वाचायला शिकले. ९ जण तुलना-गटात होते.

निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा मागचा भाग आणि मेंदूच्या खोल गाभ्यातील थॅलॅमस व मध्यमस्तिष्क यांच्या क्रियांमधील मेळ वाचन शिकल्यानंतर वाढलेला आढळला. ज्यांची वाचनात प्रगती अधिक, त्यांच्यात हा मेळही अधिक वाढला होता. वाचनामुळे मेंदूच्या बाह्य थरात बदल होतात, हे पूर्वीपासून माहीत होते. परंतु प्रौढ वयात, अवघ्या सहा महिन्यांत, मेंदूच्या इतक्या खोल भागापर्यंत त्याचा परिणाम पोहोचावा, ही नवी माहिती होती.

असा अभ्यास करणारे लोक कोण असतात? त्यांना काय शिकावे लागते? आणि त्यांनी काढलेल्या प्रतिमांवर शिक्षकाने, अधिकाऱ्याने अथवा ग्रामपंचायतीच्या सदस्याने किती विश्वास ठेवावा? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषयाची जडणघडण

पाहणे, लक्ष देणे, लक्षात ठेवणे, बोलणे, वाचणे, निर्णय घेणे या मनाच्या व्यापारांना मानसशास्त्रात बोधनिक प्रक्रिया असे म्हणतात. या प्रक्रिया मेंदूत कशा घडतात, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे बोधनिक मज्जाविज्ञान. हे नाव रूढ झाले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून. परंतु प्रश्न त्याहून जुना आहे.

१८६१ मध्ये पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला बोललेले बरेचसे समजत असे. पण त्याच्या तोंडून 'टॅन' या एकाच ध्वनीखेरीज फारसे काही उमटत नसे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोका यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये जर्मनीतील कार्ल वेर्निके यांनी वेगळ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण बोलत अस्खलित, पण त्या बोलण्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजेची जागा निराळी होती. भाषा ही एक अखंड शक्ती नसून तिची निरनिराळी अंगे मेंदूच्या निरनिराळ्या भागांवर अवलंबून असतात, असा बोध यातून झाला.

मात्र या पद्धतीत मोठी अडचण होती. माणूस आजारी पडून मरण पावल्याखेरीज त्याचा मेंदू पाहता येत नसे. धडधाकट, जिवंत माणसाच्या मेंदूतील हालचाल टिपण्याचा पहिला मार्ग जर्मनीतील हान्स बेर्गर यांनी दाखविला. १९२४ मध्ये त्यांनी मानवी मेंदूतील विद्युत लहरींची नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज रुग्णालयांत ज्याला ईईजी म्हणतात, तो हाच विद्युत आलेख होय. १९७१ मध्ये लंडनमध्ये क्ष-किरण व संगणक यांच्या साहाय्याने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रतिमा घेण्याची रीत मांडली. तिचा पुढील विकास करणारे पीटर मॅन्सफील्ड आणि लाउटरबर यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही एमआरआयची जन्मकथा.

एमआरआयमुळे मेंदूची रचना दिसू लागली. पण मेंदूचे काम दिसत नव्हते. ती उणीव १९९० मध्ये सेजी ओगावा यांच्या संशोधनाने भरून निघाली. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलले की चुंबकीय संकेतही किंचित बदलतो, हे त्यांनी दाखविले. १९९२ मध्ये ही पद्धत माणसांवर वापरण्यात आली. ना शस्त्रक्रिया, ना सुई, ना क्ष-किरण! माणूस यंत्रात पडून राहतो, शब्द वाचतो, चित्रे पाहतो आणि त्याच वेळी मेंदूतील बदलांची नोंद होत राहते. या पद्धतीला कार्यदर्शी एमआरआय असे म्हणता येईल.

यंत्र नेमके काय पाहते?

येथे पदव्युत्तर विद्यार्थ्याचा पहिला धडा सुरू होतो. यंत्र विचार पाहत नाही. ते चेतापेशींचे कामसुद्धा थेट पाहत नाही. ते पाहते रक्तातील प्राणवायूत होणारा फरक.

मानवी मेंदूचे वजन साधारणपणे १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते. या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एखाद्या भागातील पेशी अधिक काम करू लागल्या, की त्या भागाकडे रक्ताचा पुरवठा वाढतो. शेतकऱ्याला ही गोष्ट पाटाच्या पाण्यावरून सहज समजेल. मागणी नोंदविली की पाणी लगेच शेतात येत नाही. काही वेळाने येते, आणि आले म्हणजे तातडीच्या गरजेपेक्षा जास्तच येते. मेंदूतही असेच घडते. पेशींचे काम क्षणार्धात होऊन जाते. रक्ताचा लोंढा मात्र पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो.

प्रतिमा तयार करण्यासाठी संगणक मेंदूचे लहान लहान घन पाडतो. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर बाजूच्या अशा एका घनात लाखो पेशी असतात. विजेच्या उपकेंद्रातील मापकावरून कोणत्या गावाने अधिक वीज वापरली ते कळते. पण त्या गावातील कोणत्या घरात पिठाची गिरणी चालली आणि कोणत्या घरात मूल दिव्याखाली अभ्यास करीत बसले, ते कळत नाही. मेंदूच्या प्रतिमेचीही मर्यादा याच स्वरूपाची आहे.

ईईजीचे सामर्थ्य याच्या उलट आहे. तो सेकंदाच्या हजाराव्या भागातील बदल टिपतो. परंतु विद्युत लहर मेंदूत नेमकी कोठे उगम पावली, हे त्यावरून नीट ठरविता येत नाही. एक साधन 'कोठे' हे बऱ्यापैकी सांगते, दुसरे 'केव्हा' हे अचूक सांगते. म्हणूनच या विषयाच्या विद्यार्थ्याला एकाच यंत्रावर विसंबून चालत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वृत्तपत्रांत छापल्या जाणाऱ्या प्रतिमेत मेंदूचा एखादा भाग लाल-पिवळ्या रंगात उजळलेला दिसतो. तो रंग मेंदूत नसतो, यंत्रातही नसतो. दोन परिस्थितींची तुलना करून जेथे संख्याशास्त्रीय दृष्ट्या फरक आढळला, तेथे तो अभ्यासकाने भरलेला असतो. अशी प्रतिमा छायाचित्रापेक्षा नकाशाला अधिक जवळची होय. आणि नकाशा काढणाऱ्याने कोणत्या मापाने आणि कोणत्या नियमाने रंग भरला, हे ठाऊक असल्याखेरीज त्याचे वाचन करता येत नाही.

वर्गात काय शिकावे लागते?

या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाला अनेक शाखांतून वाटा येतात. मानसशास्त्र वा भाषाशास्त्र शिकलेला कला शाखेचा पदवीधर येथे येऊ शकतो, तसाच जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, वैद्यक किंवा अभियांत्रिकी शिकलेलाही. मात्र प्रत्येकाला आपल्या शाखेबाहेरचे बरेच काही नव्याने शिकावे लागते. कला शाखेतून आलेल्याला गणित, संख्याशास्त्र आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणे यांची भीती सोडावी लागते. अभियांत्रिकीतून आलेल्याला माणूस हे यंत्र नव्हे, थकणे, कंटाळणे, परीक्षकाला खूष करू पाहणे हे त्याचे स्वभावधर्म आहेत, हे शिकावे लागते.

अभ्यासक्रमात सर्वसाधारणपणे मेंदूची रचना व कार्य, बोधनिक मानसशास्त्र, प्रतिमा घेण्याच्या पद्धतींमागील भौतिकशास्त्र, प्रयोगाची आखणी, संख्याशास्त्र, संगणकीय विश्लेषण आणि संशोधनातील नीतिनियम यांचा समावेश असतो. शेवटी प्रत्यक्ष संशोधन करून प्रबंधिका सादर करावी लागते.

यांपैकी सर्वांत अवघड कोणते, असे विचारल्यास अनेकांना यंत्र चालविणे असे वाटेल. वस्तुतः सर्वांत अवघड आहे ते प्रश्न नीट मांडणे. समजा, मराठी वाचताना मेंदूचे कोणते भाग काम करतात, हे विद्यार्थ्याला पाहावयाचे आहे. त्याने यंत्रात पडलेल्या व्यक्तीला पडद्यावर 'पाऊस' हा शब्द दाखविला आणि मेंदूची नोंद घेतली. पण या नोंदीत केवळ वाचन नाही. पडद्यावरचा प्रकाश पाहणे, रेषांचे आकार ओळखणे, मनातल्या मनात उच्चार करणे, अर्थ समजणे, आणि कदाचित गावाकडच्या रखडलेल्या पेरणीची आठवण येणे, हे सारे तीत मिसळलेले आहे. म्हणून तुलनेसाठी दुसरी परिस्थिती निवडावी लागते. कोरा पडदा दाखविला तर पाहण्याचाही भाग फरकात येईल. निरर्थक रेघोट्या दाखविल्या तर पाहण्याचा भाग बराच वजा होईल. पण उच्चार आणि अर्थ एकत्रच राहतील. वाचता येतील असे, पण अर्थ नसलेले अक्षरसमूह दाखविले, तर अर्थाचा भाग वेगळा काढता येईल. तुलना बदलली की उत्तर बदलते. प्रतिमा कितीही रेखीव असली, तरी चुकीच्या तुलनेतून बरोबर उत्तर निघत नाही.

दुसरा धडा उलट्या अनुमानाचा. भीती वाटते तेव्हा मेंदूतील अमिग्डला हा भाग कार्यरत होतो, असे अनेक प्रयोगांत आढळते. म्हणून हा भाग कार्यरत दिसला की त्या व्यक्तीला भीती वाटत होती, असे म्हणावे काय? नाही. भाकरी भाजताना घरातून धूर निघतो, हे खरे. परंतु धूर दिसला म्हणजे भाकरीच भाजली जात आहे असे नव्हे. कदाचित आंघोळीचे पाणी तापत असेल. हा भाग आनंददायक आणि नवीन गोष्टींनीही जागा होतो. या प्रकारच्या अनुमानातील धोका अमेरिकेतील रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये सविस्तर दाखवून दिला.

तिसरा धडा सुरक्षिततेचा. संशोधनासाठी साधारणपणे ३ टेस्ला शक्तीचे यंत्र वापरतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत ही शक्ती सुमारे ६० हजार पट होते. यंत्राचे काम थांबले तरी हे चुंबकत्व चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या एका तरुणाला या ओढीमुळे प्राण गमवावा लागला. म्हणून कक्षाच्या दारात उभे राहून प्रत्येकाची तपासणी करणे, हे या अभ्यासातील पहिले प्रात्यक्षिक असते.

मेलेल्या माशाचा धडा

प्रतिमांच्या विश्लेषणात किती दक्षता लागते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जगभर वर्गांत सांगितले जाते. २००९ मध्ये अमेरिकेतील क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला. माणसांवरील प्रयोगात करतात त्याप्रमाणे त्याला माणसांची चित्रे दाखविण्यात आली आणि चित्रांतील व्यक्तींच्या भावना ओळखण्यास सांगण्यात आले. नोंदींचे विश्लेषण करताना आवश्यक ती दुरुस्ती केली नाही, तेव्हा माशाच्या मेंदूत 'क्रिया' आढळली! दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली.

यामागील कारण समजण्यास सोपे आहे. मेंदूचे हजारो घन एकाच वेळी तपासले, तर केवळ योगायोगाने काही घनांत फरक दिसणारच. गावातील हजार जणांनी नाणी उडविली तर कोणाच्या तरी नाण्यावर सलग दहा वेळा छापा येईल. म्हणून त्या माणसाच्या हाताला गुण आहे असे कोणी म्हणणार नाही. २०१२ मध्ये या प्रयोगाला इग-नोबेल हा आधी हसविणारा आणि मग विचार करावयास लावणारा पुरस्कार मिळाला.

पुढे २०१६ मध्ये अँडर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी प्रचलित संगणकीय पद्धतींची कसून तपासणी केली. चुकीचे निष्कर्ष ५ टक्क्यांपुरते मर्यादित राहावेत अशी अपेक्षा असताना, काही पद्धतींत विशिष्ट परिस्थितीत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जात असल्याचे त्यांना आढळले. २०२० मध्ये आणखी एक मोठी परीक्षा झाली. १०८ व्यक्तींच्या मेंदूच्या एकाच नोंदी ७० अभ्यासगटांना देण्यात आल्या आणि नऊ ठरावीक विधाने तपासण्यास सांगण्यात आले. कोणत्याही दोन गटांनी हुबेहूब एकच कार्यपद्धती अवलंबिली नाही, आणि अनेक विधानांबाबत त्यांच्या उत्तरांत लक्षणीय तफावत आढळली.

हे वाचून काहींना वाटेल, की मग या शास्त्रावर विसंबावेच कशाला? पण या सर्व चुका बाहेरच्या टीकाकाराने नव्हे, तर या क्षेत्रातील अभ्यासकांनीच शोधून जाहीर केल्या आहेत. त्यानंतर प्रयोगापूर्वीच विश्लेषणाची रीत जाहीर करणे, नोंदी इतरांना तपासण्यासाठी खुल्या ठेवणे, अधिक व्यक्तींचा समावेश करणे, या प्रथा वाढीस लागल्या. स्वतःचा हिशेब स्वतः तपासून चूक फळ्यावर लिहिणारे शास्त्र विश्वासास पात्र असते. ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणालाही हाच न्याय लागू पडतो.

आपल्या लिपीचा, आपल्या भाषांचा प्रश्न

वाचन आणि मेंदू यांविषयीचे बरेचसे संशोधन इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांवर झाले आहे. आपली देवनागरी वेगळी आहे. 'कि' हे अक्षर पाहा. उच्चारात 'क' आधी आणि 'इ' नंतर. पण लिहिताना वेलांटी आधी येते. उकार खाली, मात्रा वर, काना पुढे. डोळ्याला केवळ एका ओळीत सरकून चालत नाही. वर-खाली, मागे-पुढे असे भान ठेवावे लागते. हरयाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील नंदिनी चॅटर्जी सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाचनाचा कार्यदर्शी एमआरआयने अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डाव्या गोलार्धातील वाचनाच्या परिचित भागांबरोबर उजव्या गोलार्धाचाही सहभाग आढळला. मराठीचीही लिपी हीच असल्याने पहिलीच्या वर्गावरील शिक्षकाला या प्रश्नात स्वारस्य असणे स्वाभाविक आहे. वेलांटी आणि उकार यांपाशी अडखळणारे मूल मंद आहे, आळशी आहे, की त्याच्यासमोरचे कामच अधिक गुंतागुंतीचे आहे, याचा विचार त्यामुळे निराळ्या रीतीने करता येतो.

दुसरे उदाहरण हैदराबादचे. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती अभ्यासली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले; निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. यावरून भाषा हे औषध आहे असे सिद्ध होत नाही, कारण ही जुन्या नोंदींवरून केलेली पाहणी होती. पण घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न विचारण्याची जी संधी आहे, ती एकभाषिक देशांना सहज मिळणारी नाही. असे प्रश्न विचारण्यासाठी आपल्या भाषा जाणणारे अभ्यासक हवेत. या विषयाकडे आपल्या तरुण-तरुणींनी वळावे, याचे हे एक सबळ कारण होय.

न्यायालयात आणि बाजारात

प्रतिमा आणि आलेख प्रयोगशाळेबाहेर पडले, की त्यांचे परिणाम माणसांच्या आयुष्यावर होतात. जून २००८ मध्ये पुण्यातील न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या विद्युत आलेखावर आधारित चाचणीच्या निष्कर्षाचा आधार घेतला. आरोपीसमोर घटनेविषयीची विधाने वाचावयाची आणि मेंदूतील लहरींवरून त्या घटनेचा 'अनुभव' त्याच्या स्मृतीत आहे काय ते ठरवावयाचे, अशी ही पद्धत. या निकालाची जगभर चर्चा झाली आणि अनेक मज्जावैज्ञानिकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या. प्रत्यक्ष केलेले, डोळ्यांनी पाहिलेले, पोलिसांकडून वारंवार ऐकलेले आणि मनात रंगविलेले, यांतील भेद केवळ लहरींवरून खात्रीने सांगता येतो काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नार्को चाचणी, खोटे शोधणारी चाचणी आणि मेंदूच्या विद्युत आलेखाची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतःच पुरावा मानता येणार नाही. माणसाच्या मनात डोकावण्यापूर्वी त्याची परवानगी हवी, हे तत्त्व यातून ठामपणे मांडले गेले.

बाजारातील प्रकार निराळा आहे. 'आपण मेंदूचा केवळ १० टक्के वापर करतो', 'तुमचे मूल डाव्या मेंदूचे की उजव्या?', 'मध्यमस्तिष्क जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन' अशा जाहिराती लहान गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. पालक उसनवारी करून शुल्क भरतात. वास्तविक निरोगी मेंदूचा कोणताही मोठा भाग बेकार पडून नसतो. दोन्ही गोलार्ध प्रत्येक कामात परस्परांच्या साहाय्याने चालतात. मध्यमस्तिष्क झोपलेलेच नसते, तर ते जागे काय करावयाचे? लेखाच्या आरंभी सांगितलेल्या लखनौच्या अभ्यासात मध्यमस्तिष्काचा उल्लेख आला आहे. नजरेच्या हालचाली साधण्यात या भागाचा वाटा असतो. उद्या कोणी त्या अभ्यासाचा हवाला देऊन आपला वर्ग खपवू पाहील. त्याला सांगावयास हवे, की तेथील बदल डोळ्यांवर पट्टी बांधून झाला नाही. डोळे उघडे ठेवून, सहा महिने अक्षरे गिरवून झाला.

प्रवेशाच्या वाटा

आपल्या देशात या विषयाचे शिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्या, पण नावाजलेल्या आहेत. अलाहाबाद विद्यापीठात २००२ मध्ये वर्तन व बोधनिक विज्ञान केंद्र स्थापन झाले. हैदराबाद विद्यापीठ आणि गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे बोधनिक विज्ञानाचे उच्च शिक्षण व संशोधन चालते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचे लोकार्पण डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. १९७४ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची निम्हान्स ही संस्था मनोविकार व मज्जाविकारांच्या उपचारांबरोबर संशोधनासाठीही प्रसिद्ध आहे. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये बोधनिक विज्ञानातील संशोधनासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. प्रत्येक संस्थेच्या प्रवेश परीक्षा, पात्रता व शिष्यवृत्ती यांचे नियम भिन्न असल्याने अर्ज करण्यापूर्वी त्या त्या संस्थेचे चालू माहितीपत्रक पाहावे.

ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याने पदवीच्या वर्षांत तीन गोष्टी साधल्या, तर त्याचा मार्ग सुकर होईल. संख्याशास्त्राचा पाया पक्का करावा. संगणकाची एखादी आज्ञावली-भाषा शिकावी. त्यासाठी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. तसेच मेंदूच्या प्रतिमांच्या अनेक नोंदी जगभरच्या संशोधकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. कोट्यवधींचे यंत्र जवळ नसतानाही साध्या संगणकावर त्यांचा सराव करता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या परिसराकडे प्रश्नार्थक नजरेने पाहावे. चांगला प्रश्न कोणत्याही गावात सुचू शकतो.

संमतीचा अंगठा

अखेरीस पुन्हा निरक्षर शिकणाऱ्यांकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संशोधनात भाग घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला तिच्या भाषेत सर्व माहिती देऊन संमती घ्यावी लागते. ती निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदाराच्या समक्ष सर्व वाचून दाखवावे लागते आणि मग अंगठा घेतला जातो. केव्हाही माघार घेण्याचा तिचा हक्क अबाधित असतो. उद्या एखादे संशोधन पथक आपल्या गावात आले, तर सरपंचांनी आणि शिक्षकांनी त्याचे स्वागत करावे. पण लोकांना काय सांगितले, प्रतिमेत एखादा आजार आढळल्यास पुढे काय करणार, आणि निष्कर्ष गावाला परत कळविणार काय, हे अवश्य विचारावे.

साक्षरतेची चळवळ आपल्या राज्याला नवी नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसणाऱ्या प्रौढांच्या मेंदूत काय घडते, याच्या अशा प्रतिमा घेण्याचे साधन जगात नव्हते. तरीही प्रौढ माणूस शिकू शकतो, या विश्वासावर शिक्षकांनी ते वर्ग चालविले. आज प्रतिमांनी त्या विश्वासाला दुजोरा दिला आहे, इतकेच. मात्र ज्या स्त्रीने पहिल्यांदा एस. टी.च्या पाटीवरील आपल्या गावाचे नाव स्वतः वाचले, तिला काय वाटले, ते कोणत्याही प्रतिमेत उमटत नाही. ते तिलाच विचारावे लागते. चांगला अभ्यासक यंत्र सुरू करण्यापूर्वी आणि बंद केल्यानंतरही तिला ते विचारतो. या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे सार यातच आहे.